तौनोने हात उचलला नाही

तौनो हाउटालाचा राग आणि तौनो हाउटालाची बिअर, दोन्हींचं नाव विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, आम्हा फिनिश खाणवाल्यांच्या भागात, सारखंच गाजलेलं होतं. ज्यांनी बिअर चाखली त्यांतल्या बऱ्याच जणांना रागही चाखावा लागला. लोखंडाच्या खाणीत तो एकतीस वर्षं दाबाच्या हवेचे पाइप सांभाळायला होता. तिथे त्याने एका मुकादमाचं नाक फोडलं. रिपब्लिक गावच्या बारमध्ये दोघा सख्ख्या भावांना एकाच खुर्चीने आडवं केलं. एकोणनव्वद साली हरणाच्या शिकारीच्या कॅम्पवर चुलतभाऊ वेइक्को याचे पुढचे दोन दात पाडले. वेइक्कोचा गुन्हा काय, तर बिअरच्या केगचं झाकण नीट बसवलं नव्हतं, गॅस निघून गेला आणि शिकारीच्या पहिल्याच दिवशी अकरा माणसांना सपक बिअर प्यावी लागली. वेइक्को आता नकली दात लावतो आणि तौनोच्या शेजारीच बसतो. आमच्याकडे भांडणं अशीच मिटतात, म्हणजे मिटत नाहीत, माणसं फक्त शेजारी बसायला लागतात.

हा राग त्याने कुठून आणला तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा बाप तळघरात बिअर करून बाटल्यांत भरायचा. तौनो नऊ वर्षांचा असताना त्याच्या हातून बाटल्यांत साखर जास्त पडली आणि एका दुपारी सगळ्या बाटल्या एकामागून एक फुटल्या. बापाने पोराच्या डाव्या कानावर अशी चपराक हाणली की कानातून आधी रक्त आलं, आठवड्याने पू आला, आणि त्यानंतर त्या कानाने कधी काही ऐकलं नाही. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. त्या बापाबद्दल चांगलं बोलणारा माणूस आमच्याकडे अजून सापडायचाय. उजवा कान उरला होता, तो खाणीतल्या घणांनी अर्धा खाल्ला.

त्यामुळे निसटणाऱ्या गॅसची फुसफुस तौनोला कधी कळलीच नाही. गळती तो डोळ्यांनी शोधायचा. हातात दाढीचा जुना ब्रश, वाटीत साबणाचा दाट फेस आणि समोर केग. केग म्हणजे मांडीएवढं उंच स्टीलचं पिंप. वर लंबगोल झाकण, झाकणात दाब सोडायची कडी, आणि दोन बाजूंना अंगठ्याएवढी दोन बोंडं. एकातून गॅस आत जायचा, दुसऱ्यातून बिअर बाहेर यायची. तौनो दर हंगामाला झाकणाची आणि बोंडांची रबरी रिंग नवी घालायचा, तिला बोटाने ग्रीस चोळायचा. मग गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर तीस पौंड दाबावर नेऊन झाकण आतल्या दाबाने घट्ट बसवायचा, सगळीकडे फेस फासायचा आणि चष्मा लावून समोर बसायचा. कुठे बुडबुडा फुगला की आलीच शिवी. नाही फुगला तरी त्याचं समाधान होत नसे. सिलिंडर बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत काट्यावर नजर ठेवायचा, आणि काटा केसभर जरी उतरला तरी सगळं पहिल्यापासून. त्यातही एक गोष्ट तो दरवर्षी ओरडून सांगायचा. "बोंडाला पाना लावायच्या आधी कडी ओढा! आत दाब असताना बोंड सोडवलंत ना गाढवांनो, तर ती बंदुकीची गोळी समजा. सगळ्यांत आधी तुमचंच थोबाड फोडेल."

बायकोवर, लेंपीवर, त्याने कधी हात टाकला नाही. मुलीवर, मिरयावर, तर नाहीच. याचा त्याला फार अभिमान. पण त्या घरात एक दार धड नव्हतं, स्वयंपाकघराच्या भिंतीला त्याच्या मुठीएवढी तीन भोकं होती, आणि दोघी मायलेकींनी एक गोष्ट फार लवकर शिकून घेतली होती: तौनोला काही सांगायचं नाही. मिरयाला शाळेत कुणी छळलं तर सांगायचं नाही. शेजाऱ्याने काही लागट बोललं तर सांगायचं नाही. सांगितलं की तौनो उठणार, आणि तौनो उठला की पोलिसांची गाडी येणार.

पुढे मिरयाचं लग्न ट्रॉयशी झालं. ट्रॉय पुलाखालचा, म्हणजे मॅकिनॉच्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडचा. बर्फावरच्या स्नोमोबाइल गाड्या दुरुस्त करायचा, दिसायला देखणा, हसून बोलणारा. सहा वर्षं तौनोला तो नुसता आगाऊ वाटत होता.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मिरया सौनासाठी, म्हणजे गरम वाफेच्या अंघोळीसाठी, माहेरी आली. आमच्याकडे शनिवारचा सौना चुकत नाही. आधी बायका जातात, मग पुरुष. सौनात अंगावर सूत नसतं, तेव्हा लपवायची सोय नसते. मिरया कपडे करून लगबगीने निघून गेली. लेंपी मात्र टॉवेल गुंडाळून पायरीवर बसून राहिली. थंडीत तिच्या अंगाच्या वाफा निघत होत्या आणि ती हलत नव्हती.

"काय झालं?" तौनोने विचारलं.

"काही नाही."

"लेंपी, काय झालं?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "आधी शब्द दे. त्याच्यावर हात उचलायचा नाहीस."

"कुणावर?"

"आधी शब्द. तुझ्या आईची शपथ घे."

तौनोने शपथ घेतली. आई सोडून जगात त्याने कुणाला मानलं नव्हतं.

"पोरीच्या पाठीवर बूट उमटलाय," लेंपी म्हणाली. "तळव्याची नक्षीसुद्धा दिसते. जुने वळ आहेत ते वेगळे."

तौनो उठला. शेडमध्ये गेला आणि लाकडं रचायची लोखंडी घोडी भिंतीवर आपटून आपटून वाकवली. लेंपी दारात उभी राहून पाहत होती. त्याचा श्वास खाली बसल्यावर ती म्हणाली, "झालं? आता ऐक. या वर्षी ट्रॉयला कॅम्पला घेऊन जा. पुरे दहा दिवस. मधूनच घरी पाठवू नकोस."

"त्या हरामखोराच्या शेजारी झोपू? भिंतीला बंदुका टांगलेल्या असताना?"

"हो. आणि त्याला धड ठेव."

"धड!"

"तेवढे दिवस तरी मिरयाला झोप लागेल," लेंपी म्हणाली आणि आत गेली. तौनोला वाटलं, एवढंच आहे.

पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते. चौदालाच सगळे कॅम्पवर पोचले. कॅम्प म्हणजे लाकडी ओंडक्यांची एक खोली, एक शेगडी, आठ बाकं आणि बाहेर सौना. वेइक्कोच्या दातांनंतर कॅम्पने एक रीत पाडली होती: बिअर तौनोने करायची, पण केग भरून आणायचा आणि सांभाळायचा तो सगळ्यांत नव्या माणसाने. त्याला कुणी शिकवायचं नाही, मदत करायची नाही; तौनोची ती कडीची आरोळी तेवढी माफ होती. आठवडा संपायच्या आत गॅस संपला तर मारहाण बंद. त्याला फक्त नागडं करून मागच्या तळ्यातल्या बर्फाच्या भोकात बुडवायचं. या वर्षी नवा ट्रॉय होता.

"काय रे पुलाखालच्या," वेइक्को म्हणाला, "रिंगा बदलल्यास का? की तळ्यात भोक पाडायला घेऊ?"

"म्हाताऱ्या, तू तुझे दात सांभाळ," ट्रॉय हसला. "रिंगा चांगल्या होत्या. उगाच कशाला बदलायच्या? सासरेबुवा, तुम्ही नका असं डोळे फाडून बघू. बिअर आहे, बॉम्ब नाही."

तौनो शेगडीत लाकूड सारत राहिला. बोलायला तोंड उघडलं असतं तर हातही उठला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पहिल्या दिवशी ट्रॉयने एका नराच्या पोटात गोळी घातली. जनावर आतडी ओढत पाव मैल गेलं आणि ओढ्याकाठी कोसळलं. तौनो आणि वेइक्को पोचले तेव्हा ते मान उचलत होतं. एका गोळीचं काम होतं. ट्रॉयने बंदूक उलटी धरली आणि दस्ता त्याच्या डोक्यात घातला. मग पुन्हा घातला. सहा-सात वेळा. शिंग मोडलं, डोळा बाहेर आला, बर्फ लाल झाला, आणि ट्रॉय धापा टाकत हसत होता.

"गोळी घाल की रे मुडद्या!" वेइक्को ओरडला.

"गोळी कशाला फुकट घालवायची?" ट्रॉय म्हणाला. "पहिल्या फटक्यात ऐकत नाही कुणीच. माझी बायकोसुद्धा नाही." आणि तौनोकडे बघून त्याने डोळा मारला.

तौनोच्या हातात सोलायची सुरी होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते वेइक्कोने त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं आणि मुकाट्याने दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. तौनोने सुरी बर्फात खुपसली. कॅम्पवर जाऊन त्याने तासभर लाकडं फोडली. लागणार होती त्याच्या चौपट. प्रत्येक घावाला आईची शपथ आठवत होता. जन्मात पहिल्यांदाच त्याने दिलेला शब्द त्याच्या मनगटाला धरून होता, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत होती की पोरीला लाथा घालणारा माणूस आत बसून सॉसेज खातोय आणि आपण ओंडक्यांवर राग काढतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे जंगलात गेले. वेइक्को शेगडीपाशी न्याहारीची भांडी घासत होता. तौनोचा गुडघा सुजला होता म्हणून तो बाकावर बसला होता. ट्रॉय बिअर घ्यायला केगपाशी गेला आणि शिवी देऊन थांबला. सिलिंडरचा काटा अर्ध्याच्या खाली आला होता.

"वेइक्को, हे कसं झालं?"

"मला काय विचारतोस?" वेइक्को मागे न बघताच म्हणाला. "मदत नाही, शिकवणं नाही. रीत आहे. पाणी गार आहे हो, आधीच सांगतो."

ट्रॉयला बुडायचं नव्हतं. मंडळी परत यायच्या आत गळती बंद करायची म्हणून तो घाईला आला. झाकण घट्ट बसेल म्हणून त्याने रेग्युलेटर पिळून साठ पौंडांवर नेला. तौनोच्या मांडीपाशीच त्याची फेसाची वाटी होती. ट्रॉयने ती न विचारता उचलली आणि केगवर फेस फासला. गॅसच्या बोंडाच्या बुडाशी बुडबुडे उठले. जुनी चिरलेली रिंग. तौनोला बसल्या जागेवरून दिसत होतं.

ट्रॉयने गॅसची नळी काढली. नळी काढली म्हणजे गॅस बंद झाला असं त्याला वाटलं. नव्या माणसाला वाटतंच. पण नळी काढली तरी आत गेलेला दाब आतच असतो. झाकणाची कडी त्याने ओढली नाही. बोंडाच्या बुडाशी बुडबुडे अजून फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते. आत साठ पौंड होते आणि ट्रॉय खिशातून पाना काढत होता.

तौनोच्या तोंडात शब्द आला. "कडी." एवढाच. तीस वर्षं तो शब्द त्याने हजारदा ओरडून सांगितला होता, दारू चढलेली असताना सांगितला होता, भांडण झालेल्या माणसालाही सांगितला होता.

ट्रॉयने पाना बोंडाला लावला. जोर येईना म्हणून तो केगवर ओणवा झाला. त्याचा चेहरा बोंडाच्या वर वीतभर होता.

शब्द दिला होता तो हात न उचलण्याचा. तोंड उघडण्याबद्दल शपथेत काही नव्हतं. तौनोने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. जीभ दाताखाली धरली. त्याला मिरयाची पाठ दिसत होती, जी त्याने पाहिलीच नव्हती.

पाना एकदा फिरला, दोनदा फिरला.

आवाज तौनोलासुद्धा ऐकू आला. बोंड सुटलं ते ट्रॉयच्या डाव्या डोळ्यात, आणि त्यामागून बिअरचा फवारा छतापर्यंत गेला. ट्रॉय ओरडला नाही, आधी नुसता बसला. मग त्याने चेहऱ्याला हात लावला आणि हाताला काय लागलं ते बघून त्याने असा टाहो फोडला की वेइक्कोच्या हातातला तवा पडला. गालाचं हाड आत गेलं होतं. बोटांमधून रक्त आणि फेस मिसळून गळत होता. तो जमिनीवर लोळला, बाकाला लाथा मारल्या, "आई गं, आई गं" म्हणत राहिला, आणि केग त्याच्या अंगावर बिअर उडवत राहिला.

तौनोला आनंद झाला. खोटं कशाला सांगा. छातीतला दगड कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याने जेवढ्या माणसांना मारलं होतं, त्या सगळ्यांत हा फटका त्याला नेमका वाटला, आणि तो त्याने मारलाही नव्हता.

पिकअपमध्ये मागे ट्रॉयचं डोकं मांडीवर घेऊन वेइक्को बसला आणि तौनोने चाळीस मैल गाडी हाणली. मार्केट नावाच्या शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वेइक्कोनेच सांगितलं, "आम्ही बोललो नाही, रीतच आहे ती. आणि हा तौनो समोर होता, पण बिचाऱ्याला ऐकू कुठे येतं?" डॉक्टर म्हणाले, डोळा गेला. दुसऱ्याचंही आत्ताच सांगता येत नाही.

लेंपी तासाभरात पोचली. कोट तिने उलटा घातला होता. तिने तौनोला कोपऱ्यात ओढलं. "हात लावलास?"

"नाही. आईची शपथ."

तिने त्याचे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. बोटांची हाडं सोललेली नव्हती. मग ती बाकावर मटकन बसली आणि रडायला लागली.

"रडतेस कशाला? बरं झालं. आता त्याची लाथ उठणार नाही."

"ती गेली होती, तौनो," लेंपी म्हणाली. "आज सकाळी. कायमची. तो दहा दिवस नाही म्हणून तर हा मुहूर्त धरला होता. ग्रीन बे शहरात खोली बघितली होती, नोकरी बघितली होती. महिनाभर आम्ही दोघी जुळवत होतो. इथल्या नर्सने फोन केला तेव्हा ती मिनॉमिनी नदीच्या पुलावर होती. पूल ओलांडला की विस्कॉन्सिन, दुसरं राज्य. ती परत फिरलीये."

तौनोने बाकाची कड पकडली. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" लेंपीने डोळे पुसले. "तुला काय सांगायचं? तू त्याला ठार मारला असतास."

"मग तिला आता सांग, येऊ नको म्हणावं!"

"सांगितलं. ती म्हणाली, आई, तो आंधळा होतोय आणि त्याच्या उशाशी कुणी नाही. त्याला असं टाकून मला जाता येणार नाही."

मिरया अडीच तासांनी आली. ती धावत आली नाही. कॉरिडॉरमध्ये बापासमोर उभी राहिली आणि तिने त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन विचारलं, "वेइक्कोकाका म्हणतात तू समोरच बसला होतास."

"हो."

"तू तर शेजारच्यांच्या केगलासुद्धा फेस लावून बघतोस. मग इथला बुडबुडा तुला दिसला नाही?"

तौनोला वाटलं, ऐकू येत नाही म्हणावं. वेइक्कोने पळवाट करून ठेवलीच होती. पण मिरया त्याच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि गळती तो कानांनी शोधत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"दिसला," तो म्हणाला. "तुझ्यासाठी गप्प बसलो."

मिरया एक पाऊल मागे सरली. तिने त्याला मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"आयुष्यभर मी देवाकडे एकच मागत आले," ती म्हणाली, "की बाबाने एकदा तरी गप्प बसावं. एकदा. आणि तू कधी बसलास, तर आज."

आतून ट्रॉयने हाक मारली. गोळ्यांच्या गुंगीत, बारीक आवाजात, पण तिचं नाव घेऊन. मिरया आत गेली. काचेतून तौनोला दिसलं, पट्ट्यांनी बांधलेलं डोकं वळलं, हात हवेत चाचपडला आणि त्याला तिचं मनगट सापडलं. त्याने ते आवळून धरलं. मिरयाने सोडवून घेतलं नाही.

थोड्या वेळाने ती दारापर्यंत आली आणि गाडीची किल्ली तिने बापाच्या हातात दिली. "बाबा, माझ्या बॅगा वर आण. इथे किती दिवस राहावं लागेल, सांगता येत नाही. मग घरी त्याचं सगळं बघायचंय."

तौनो खाली गेला. गाडी छतापर्यंत भरलेली होती. थंडीचे कोट, शिवणयंत्र, लेंपीने लग्नात दिलेली भांडी, उशा. दोन बॅगा मागच्या सीटवर होत्या. त्या फार जड होत्या. चार दिवसांसाठी कुणी एवढं भरत नाही. त्याने त्या दोन्ही उचलल्या, जिन्याने वर नेल्या आणि ट्रॉयच्या खाटेखाली सरकवून ठेवल्या.